लिनक्स लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांची जोडणी



अलीकडे शाळेत व्याख्यान, विज्ञानप्रदर्शन अथवा प्रकल्पवाचन असले की पुढच्या भिंतीवर पांढरा पडदा टांगला जातो, मेजावर प्रोजेक्टर येतो आणि त्याला लॅपटॉप जोडला जातो. पडद्यावर चित्र उमटले म्हणजे लहानथोरांना सारखाच आनंद होतो. परंतु पुष्कळदा असे घडते की, चित्राच्या जागी नुसता निळा रंग दिसतो आणि ‘संकेत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे तेथे झळकू लागतात. ज्याने आठ दिवस खपून विषयाची तयारी केली, तो विद्यार्थी कावराबावरा होतो. आपल्याच हातून काहीतरी बिघडले, अशी त्याची समजूत होते. त्यात कोणी वडीलधारे ‘हात लावू नकोस’ असे म्हणाले, की उरलासुरला धीरही सुटतो.

वास्तविक पाहता येथे कोणाचीही अब्रू जाण्याचे कारण नसते. लॅपटॉपपासून पडद्यापर्यंत एक साखळी असते आणि तिची एखादी कडी निसटलेली असते, एवढेच. ज्याला कड्या ठाऊक आहेत, त्याला निसटलेली कडी शोधता येते. ज्याला ठाऊक नाहीत, तो सगळी साखळीच तुटली असे समजून हताश होतो. या पाठात आपण त्या कड्यांची एकेक करून ओळख करून घेणार आहोत.

विषय सुगम व्हावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. आपल्या बोरगावच्या परिसरातील नववीच्या एका मुलीने ‘संत्र्याचे दोन बहार’ या विषयावर बारा स्लाइडची मालिका तयार केली आहे, असे समजा. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया बहार आणि पावसाच्या तोंडाशी फुलणारा मृग बहार यांतील भेद तिला समजावून सांगायचा आहे. तिचे वडील येथल्या औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यात कामाला आहेत, आजोबांची संत्र्याची बाग आहे, आणि दोघेही आज समोर बसले आहेत. तिला बोलण्यास दहा मिनिटे मिळाली आहेत. लॅपटॉप शाळेचा, त्यावर लिनक्स आहे. आता पुढे पाहू.

कल्याणचा मायावी दिवा

भिंतीवर चित्र पाडण्याची विद्या मराठी मुलखाला नवी नाही. हॉलंडमधील थोर शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याने १६५९ च्या सुमारास दिवा, रंगविलेली काच आणि भिंग यांच्या योगाने चित्र मोठे करून भिंतीवर पाडण्याची युक्ती योजली. या साधनाला पुढे ‘जादूचा कंदील’ असे नाव पडले. मुंबईजवळच्या कल्याण येथे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली याच साधनाचे खेळ सुरू केले आणि त्याला ‘शांबरिक खरोलिका’ असे भारदस्त नाव दिले. शंबर हा मायावी विद्येत निपुण असलेला पुराणातील असुर. त्यावरून शांबरिक खरोलिका म्हणजे मायावी दिवा. पटवर्धन मंडळी काचांवर हाताने चित्रे रंगवीत आणि एकामागून एक काच दिव्यापुढे धरून कथा सांगत. मुंबईत ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झाला आणि दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला. कल्याणचा दिवा या दोहोंच्याही आधीचा आहे.

त्या कंदिलात चार गोष्टी होत्या : दिवा, काच, भिंग आणि कथा सांगणारा माणूस. भिंग चित्राला उलटे करते, म्हणून काच मुळातच उलटी धरावी लागे. आजच्या प्रोजेक्टरमध्येही दिवा आणि भिंग आहेतच. फरक पडला तो काचेत. रंगविलेल्या काचेची जागा आता लाखो सूक्ष्म ठिपक्यांनी घेतली आहे. काही प्रोजेक्टरांत हे ठिपके द्रवस्फटिकाच्या पट्टिकेवर उमटतात, तर काहींत डोळ्यांना न दिसणारे चिमुकले आरसे क्षणोक्षणी कलत राहून चित्र घडवितात. या आरशांची युक्ती अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतील लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली शोधून काढली.

पटवर्धनांच्या हाती काच प्रत्यक्ष होती, ती त्यांनी दिव्यापुढे धरली की काम झाले. आपल्या हाती आता काच नाही. चित्र लॅपटॉपमध्ये आहे आणि ते निरोपाच्या रूपाने तारेतून जाते. निरोप म्हटला की पाठविणारा, वाट, घेणारा आणि दोघांना समजणारी भाषा, एवढे सर्व ठीक असावे लागते. आजच्या साऱ्या अडचणींचे मूळ येथे आहे.

लिनक्स म्हणजे काय?

लॅपटॉपच्या सर्व भागांचा कारभार पाहणाऱ्या मुख्य आज्ञावलीस कार्यप्रणाली म्हणतात. लिनक्स ही अशा प्रणालीचा गाभा आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स याने वयाच्या एकविसाव्या वर्षी, ऑगस्ट १९९१ मध्ये, आपण असा गाभा तयार करीत असल्याचे जाहीर केले. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प हाती घेतला होता. प्रत्येकाला आज्ञावली वापरता यावी, तिची रचना अभ्यासता यावी, तीत बदल करता यावा आणि ती दुसऱ्याला देता यावी, हे त्या प्रकल्पाचे तत्त्व. या दोन प्रयत्नांच्या मिलाफातून आज आपण वापरतो त्या उबुंटू, डेबियन, फेडोरा इत्यादी प्रणाली सिद्ध झाल्या.

शेतकऱ्याच्या घरी जसे राखून ठेवलेले बियाणे असते, ते पेरता येते, पारखता येते आणि शेजाऱ्यालाही देता येते, तसेच हे आहे. शाळेला यासाठी परवान्याचे शुल्क द्यावे लागत नाही, चोरून नक्कल करण्याचा दोषही पत्करावा लागत नाही. जुन्या, कमी शक्तीच्या यंत्रावरही तिची हलकी रूपे चालतात. केरळ राज्याने सरकारी शाळांतील संगणकशिक्षण अशाच मुक्त प्रणालीवर उभे केले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात लिनक्स आणि लिब्रेऑफिस यांचे छोटे पाठ मराठीतही ऐकावयास मिळतात.

पहिली कडी : तार

लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांच्या कडेला जी छिद्रे असतात, त्यांतून निरोप बाहेर पडतो व आत शिरतो. शाळेत बहुधा तीन प्रकारची छिद्रे पाहावयास मिळतात.

पहिले व्हीजीए. हे आयबीएम कंपनीने १९८७ साली प्रचारात आणले. पुष्कळदा निळ्या रंगाचे, तीन ओळींत पंधरा छिद्रे आणि दोन्ही बाजूंस स्क्रू, ही त्याची खूण. याच्या तारेतून रंगांचा निरोप चढत्या-उतरत्या विद्युद्दाबाच्या रूपाने जातो. त्यामुळे तार फार लांब किंवा निकृष्ट असल्यास अक्षरांच्या कडा पुसट होतात.

दुसरे एचडीएमआय. याची पहिली रूपरेषा डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. हे चपटे असते आणि यातून निरोप आकड्यांच्या रूपाने जातो. चित्राबरोबर आवाजही याच तारेतून जातो. व्हीजीएतून आवाज जात नाही.

तिसरे यूएसबी-सी, म्हणजे २०१४ साली आलेले, दोन्ही बाजूंनी बसणारे लंबगोल छिद्र. येथे एक सावधगिरी हवी. दिसावयास सारखी असली तरी अशी सर्वच छिद्रे चित्र पाठवू शकत नाहीत. काही केवळ वीज आणि माहिती यांपुरतीच असतात.

लॅपटॉप नवा आणि प्रोजेक्टर जुना असला म्हणजे एकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए असते. मग मध्ये अडॅप्टर लावावा लागतो. तो घेताना दिशा पाहावी. एचडीएमआयकडून व्हीजीएकडे नेणारा अडॅप्टर उलट्या दिशेने चालत नाही, कारण आकड्यांचे दाबात रूपांतर करणारे यंत्र त्याच्या आत एकाच दिशेने बसविलेले असते.

दुसरी कडी : ओळख

तार जोडली की लॅपटॉप लगेच चित्र पाठवीत नाही. आधी तो पलीकडे कोण आहे याची चौकशी करतो. आपण परगावी कोणाच्या घरी गेलो म्हणजे जसे आधी नावगाव विचारले जाते, तसेच हे. प्रोजेक्टरच्या पोटात १२८ बाइटची एक छोटी ओळखचिठ्ठी साठविलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. तिचा नमुना १९९४ साली ठरला. आपला निर्माता कोण, आपण किती ठिपके आडवे व किती उभे दाखवू शकतो, क्षणाला किती वेळा चित्र बदलू शकतो, ही माहिती तीत असते. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी बारावी आणि पंधरावी या दोन पिना या चौकशीसाठी राखून ठेवलेल्या आहेत.

यावरून एक नवल उलगडते. कधी कधी चित्र तर येते, परंतु ते ओबडधोबड, मोठ्या ठिपक्यांचे असते. अशा वेळी रंगाच्या पिना शाबूत असून ओळखीच्या पिनांपैकी एखादी वाकलेली असू शकते. लॅपटॉपला चिठ्ठी मिळत नाही, म्हणून तो सर्वांना झेपेल असे साधे चित्र पाठवितो. तार बदलली की बहुधा हा दोष जातो.

लिनक्समध्ये ही ओळख झाली की नाही, ते आपल्याला डोळ्यांनी पाहता येते. सेटिंगमधील ‘डिस्प्ले’ या पानावर लॅपटॉपचा पडदा आणि प्रोजेक्टर अशा दोन चौकटी दिसल्या, तर ओळख पटली. अधिक खोलात जावयाचे असल्यास टर्मिनल उघडून ‘एक्सरँडर’ ही आज्ञा द्यावी. प्रत्येक छिद्राचे नाव, तेथे काही जोडले आहे की नाही आणि पलीकडचे यंत्र कोणकोणत्या मापांची चित्रे घेऊ शकते, याची यादी ती छापते. यादीत ज्या मापापुढे तारका असते ते सध्या चालू असलेले आणि ज्यापुढे अधिकचिन्ह असते ते त्या यंत्राला सर्वाधिक मानवणारे होय. वेलँड या नव्या पद्धतीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर ही आज्ञा माहिती देते, पण बदल करण्यास सेटिंगचे पानच वापरावे लागते.

तिसरी कडी : मांडणी

ओळख पटली तरी लॅपटॉपला एक प्रश्न उरतो. दोन पडदे मिळाले. त्यांवर काय दाखवावयाचे? याची मुख्य उत्तरे तीन. दोन्हीकडे एकच चित्र दाखविणे, याला प्रतिबिंब म्हणू. दोन्ही पडदे मिळून एकच लांब मेज आहे असे मानणे, याला विस्तार म्हणू. आणि तिसरे, दोहोंपैकी एकच पडदा चालू ठेवणे. सुपर कळ, म्हणजे जिच्यावर बहुधा खिडकीचे चिन्ह असते ती, दाबून धरून ‘पी’ ही कळ दाबली असता ग्नोम, केडीई इत्यादी प्रचलित मेजरचनांत हे पर्याय समोर येतात.

पुष्कळ मुले फसतात ती विस्ताराच्या मांडणीत. आपल्या उदाहरणातील मुलीने तार जोडली. पडद्यावर एक सुंदर डोंगराचे चित्र आले, पण तिच्या स्लाइड लॅपटॉपवरच राहिल्या. यंत्र बिघडले असे तिला वाटते. वस्तुतः सर्व काही सुरळीत चालले आहे. पडदा हा मेजाचा दुसरा अर्धा भाग झाला आहे आणि त्यावर अजून काही ठेवलेले नाही, इतकेच. तिने प्रतिबिंबाची मांडणी निवडली की लॅपटॉपवरचे सारे पडद्यावर दिसू लागेल.

तथापि विस्ताराची मांडणी वाईट नाही; उलट ती शिकून घेतल्यास वक्त्याला फार उपयोगी पडते. लिब्रेऑफिस इम्प्रेसमध्ये एफ-५ ही कळ दाबली की श्रोत्यांना पडद्यावर केवळ स्लाइड दिसते; वक्त्याला मात्र लॅपटॉपवर चालू स्लाइड, पुढची स्लाइड, स्वतःची टिपणे आणि घड्याळ दिसू शकते. दहा मिनिटांपैकी किती उरली, हे मान वळवून भिंतीकडे न पाहता कळते.

मांडणीत मापाचाही विचार करावा लागतो. शाळांतील अनेक जुन्या प्रोजेक्टरांचे माप १०२४ गुणिले ७६८ ठिपके, म्हणजे रुंदी व उंची यांचे प्रमाण चारास तीन असते. पुष्कळ लॅपटॉपांचे माप १३६६ गुणिले ७६८ असते, म्हणजे जवळपास सोळास नऊ. प्रतिबिंबाच्या मांडणीत दोघांना चालेल असे एक माप घ्यावे लागते, म्हणून लॅपटॉपच्या दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या दिसल्या तर घाबरू नये. रुंद चित्र अरुंद चौकटीत दडपून बसविले, तर गोल संत्रे उभट लिंबासारखे दिसेल. म्हणून एक वर्तुळ काढलेली स्लाइड आरंभी ठेवावी. ते पडद्यावर गोल दिसले म्हणजे प्रमाण बरोबर आहे.

चौथी कडी : अक्षर

तार, ओळख आणि मांडणी यांची चर्चा कोणत्याही देशातील पुस्तकात सापडेल. परंतु अक्षराची कडी विशेषकरून आपल्यासारख्यांची आहे आणि ती निसटली तर मागच्या तिन्हींचे श्रम वाया जातात.

मराठी टंकलेखनाच्या जुन्या पद्धतीत मराठी अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसविलेला असे. तो विशिष्ट फॉण्ट लॅपटॉपवर असेल तोवर सर्व ठीक दिसे. नसेल तेथे ‘संत्रे’ या शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. युनिकोड या जागतिक संकेताने हा घोळ मिटविला. त्याच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीच्या वर्णांना स्वतःचे क्रमांक मिळाले. माझी मातृभाषा कोंकणी. गोव्यात राजभाषा म्हणून ती देवनागरीत लिहिली जाते, आणि त्याच क्रमांकांवर तीही निर्वेध चालते. म्हणून स्लाइड नेहमी युनिकोडमध्येच लिहाव्यात. लिनक्सवर त्यासाठी लोहित, नोटो इत्यादी देवनागरी फॉण्ट विनामूल्य मिळतात. लोहित हा फॉण्टसंच मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविला आणि रेड हॅट या कंपनीने २००४ साली तो सर्वांसाठी खुला केला.

येथे सीमेवरच्या मुलांनी आणखी एक बारकावा पाहावा. आपल्या भागात मराठी आणि हिंदी शेजारी नांदतात, म्हणून अनेक लॅपटॉप हिंदीच्या सोयीने बसविलेले असतात. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून निराळा आहे. त्याचप्रमाणे ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्याचा’ या शब्दांतील अर्धा ऱ आपल्याकडे विशेष आहे. आपल्या फॉण्टमध्ये हे शब्द नीट उमटतात की नाही, ते आधी तपासावे. आजोबांनी ज्या वळणाची अक्षरे शाळेत गिरविली, त्याच वळणाची अक्षरे नातीच्या पडद्यावर दिसली तर त्यांना ती परकी वाटणार नाहीत.

दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून बोलावयाचे असल्यास दोन उपाय आहेत. एक, इम्प्रेसमध्ये फाइलच्या गुणधर्मांच्या चौकटीत फॉण्ट फाइलमध्येच अंतर्भूत करण्याची सोय आहे, ती वापरावी. दुसरा, स्लाइडची पीडीएफ प्रत काढून जवळ ठेवावी. पीडीएफमध्ये हलत्या करामती चालत नाहीत, परंतु अक्षर हलत नाही, आणि आपल्याला अधिक गरज त्याचीच असते.

आवाज, निद्रा आणि प्रकाश

एचडीएमआयने जोडणी केली की आवाजही कधी कधी प्रोजेक्टरकडे निघून जातो, आणि त्याचा कर्णा फार लहान असतो. सेटिंगमधील ‘साउंड’ या पानावर जाऊन आवाज लॅपटॉपमधून अथवा मोठ्या कर्ण्यातून काढावयाचा हे निवडावे. काही मिनिटे कळ दाबली नाही तर लॅपटॉप पडदा काळा करून झोपी जातो. ही सवय वीज वाचविण्यासाठी असते. कार्यक्रमापुरती ती सेटिंगमध्ये बंद ठेवावी आणि मधूनच डोकावणाऱ्या सूचनाही थांबवाव्यात.

प्रकाशाचे गणित भौतिकशास्त्रातील आहे. साध्या प्रोजेक्टरचे अंतर दुप्पट केले तर चित्राची रुंदी दुप्पट आणि उंचीही दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट होते. प्रकाश तेवढाच राहून चौपट जागेवर पसरतो, म्हणून चित्र पूर्वीच्या एक-चतुर्थांशच उजळ दिसते. खिडक्या झाकता येत नसतील तर चित्र मोठे करण्याचा मोह टाळून प्रोजेक्टर पुढे आणावा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठळक काळी अक्षरे घ्यावीत, आणि शेवटच्या बाकावरून वाचता येतील एवढी मोठी घ्यावीत.

अडचण आली असता

आता सर्व कड्या आपल्या परिचयाच्या झाल्या. चित्र आले नाही तर प्रोजेक्टरच्या टोकापासून लॅपटॉपच्या टोकापर्यंत पुढील क्रमाने विचारीत यावे.

१. प्रोजेक्टरला वीज आहे काय? भिंगावरचे झाकण काढले आहे काय?

२. तार ज्या छिद्रात बसविली आहे, तेच छिद्र प्रोजेक्टरवर ‘सोर्स’ या कळीने निवडले आहे काय?

३. तारेची दोन्ही टोके पूर्ण बसली आहेत काय? एखादी पिन वाकली आहे काय? दुसरी तार लावून काय होते?

४. लॅपटॉपच्या डिस्प्ले या पानावर दोन चौकटी दिसतात काय? दिसत असल्यास ओळख पटली आहे. मग मांडणी आणि माप यांकडे पाहावे.

५. एकच चौकट दिसत असल्यास तार काढून पुन्हा लावावी. तरीही न जमल्यास तार जोडलेली ठेवून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा.

६. त्याच प्रोजेक्टरला दुसरा लॅपटॉप जोडला तर चित्र येते काय? आल्यास तार व प्रोजेक्टर बहुधा निर्दोष आहेत, दोष आपल्या लॅपटॉपच्या बाजूस शोधावा. काही लॅपटॉपांत चित्र घडविणाऱ्या दोन चिप असतात आणि बाहेरचे छिद्र दुसरीला जोडलेले असते. तिचे योग्य ड्रायव्हर बसविलेले नसले तर चित्र बाहेर जात नाही. हे काम मात्र कार्यक्रमाच्या दिवशी करू नये, आधी सवडीने करावे.

यात एक नियम कटाक्षाने पाळावा. एका वेळी एकच बदल करावा आणि परिणाम पाहावा. घाईघाईने तार बदलली, कळही दाबली आणि लॅपटॉपही पुन्हा सुरू केला, तर चित्र आले तरी ते कशाने आले हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी आपण होतो तेथेच उभे असतो. प्रयोगशाळेत तुम्ही हीच शिस्त पाळता.

काम संपल्यावर प्रोजेक्टर त्याच्याच कळीने बंद करावा. ज्यात जुन्या पद्धतीचा तप्त दिवा असतो, त्याचा पंखा थांबेपर्यंत प्लग ओढू नये. दिवा निवल्याशिवाय वीज तोडल्यास त्याचे आयुष्य घटते.

कथा सांगणारा माणूस

कल्याणच्या कंदिलातील चार गोष्टींपैकी चौथी अद्याप राहिली आहे. पटवर्धनांच्या खेळात काचा मुक्या होत्या. कथा माणूस सांगत असे. आजही पडद्यावरचे अक्षर हे बोलण्याला आधार म्हणून असते, बोलण्याच्या ऐवजी नसते. जो स्लाइडवरील ओळी पाठ फिरवून नुसत्या वाचतो, त्याच्या श्रोत्यांना त्याची गरजच उरत नाही, आणि वीज गेली की त्याचा विषयही जातो.

म्हणून सर्व कड्या तपासून झाल्या तरी बारा स्लाइडचा सार एका कागदावर लिहून जवळ ठेवावा. आपल्या उदाहरणातील मुलगी शेवटी त्याच कागदाच्या आधारे उभी राहील. सहाही प्रश्न विचारून चित्र आले तर उत्तमच. न आले तर ती दोन डहाळ्या हातात घेऊन आंबिया आणि मृग यांतील भेद सांगू शकेल, कारण तो तिला खरोखर समजलेला आहे. समोर बसलेल्या आजोबांना तो भेद ठाऊक आहेच. आपली नात तो चारचौघांत आपल्या भाषेत, न अडखळता सांगते, हे त्यांना पाहावयाचे आहे. यंत्राची ओळख करून घ्यावयाची ती यासाठी, की त्या दहा मिनिटांत तिच्या मनात यंत्राचे भय नसावे आणि सगळे लक्ष सांगण्याकडे राहावे.

अभ्यास

१. शाळेतील प्रोजेक्टर आणि लॅपटॉप यांवरील छिद्रांची चित्रे काढा, नावे लिहा आणि कोणती तार कोठे बसते ते दाखवा.

२. शिक्षकांच्या देखरेखीखाली एक्सरँडर ही आज्ञा चालवा. तार जोडण्यापूर्वीची आणि जोडल्यानंतरची यादी वहीत उतरवून फरक लिहा.

३. प्रोजेक्टर पडद्यापासून दोन मीटर आणि नंतर चार मीटर अंतरावर ठेवा. दोन्ही वेळी चित्राची रुंदी व उंची मोजून क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढा.

४. ‘दुसऱ्या शेतकऱ्याचा लाल शेला’ हे शब्द तीन निरनिराळ्या फॉण्टमध्ये लिहून पडद्यावर पाहा आणि मराठी वळण कोणत्या फॉण्टमध्ये बरोबर उमटते ते नोंदवा.

५. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या शेतीतील एका कामावर सहा स्लाइड तयार करा. मग लॅपटॉप बंद करून तोच विषय घरच्या मंडळींना पाच मिनिटांत तोंडी सांगा.